सिठणी ते संगीत : पंजाबी लग्नाच्या विनोदाचा इतिहास



अशा व्याख्यानमालांमध्ये बहुधा संत, शाहीर, संस्थाने किंवा भाषा हे विषय असतात. पंजाबी लग्नाच्या पार्श्वभूमीवरची हलकीफुलकी प्रेमकथा हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका काहींच्या मनात येईल. ती रास्त आहे. पण आपल्यापैकी ज्यांच्या घरी गेल्या पंधरा-वीस वर्षांत लग्नकार्य झाले असेल, त्यांनी आमंत्रणपत्रिका आठवून पाहावी. सीमांतपूजन, मुहूर्त, स्वागत समारंभ यांच्याबरोबर एक नवी ओळ तीत आलेली असते : आदल्या संध्याकाळी 'संगीत'. एके काळी हा शब्द आपल्याकडे नाटकाच्या नावाआधी लागत असे, संगीत सौभद्र, संगीत शारदा असा. आता तो लग्नाआधी लागतो. हा बदल कोठून आला, त्याच्यामागे काय होते आणि येताना वाटेत काय गळून पडले, याचा शोध हाच आजचा विषय.

सुरुवात एका कादंबरीपासून करू. चेतन भगत यांची 'टू स्टेट्स' ही इंग्रजी कादंबरी २००९ साली निघाली आणि २०१४ साली तिच्यावर हिंदी चित्रपट आला. कथा सोपी आहे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत दिल्लीचा पंजाबी क्रिश आणि चेन्नईची तमिळ ब्राह्मण अनन्या यांचे प्रेम जमते. दोघांची एकमेकांना पसंती पहिल्या काही प्रकरणांतच होऊन जाते. खरी अडचण दोन घरांची आहे. मुलाची आई मुलीला पसंत करीत नाही, मुलीचे वडील मुलाशी बोलत नाहीत, आणि उरलेली सारी कादंबरी सासरच्या मंडळींना राजी करण्यात जाते. लेखकाने पुस्तक अर्पणही आपल्या सासरच्या माणसांनाच केले आहे. समीक्षकांनी या पुस्तकाला फारसे मोजले नाही, वाचकांनी मात्र ते डोक्यावर घेतले. वाङ्मयीन गुणदोषांचा निवाडा येथे करायचा नाही. लग्न म्हणजे दोन पक्षांची लढाई आणि त्या लढाईत विनोद हेच शस्त्र, ही त्या कादंबरीची चौकट लेखकाने निर्माण केलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली. तो वारसा पंजाबी बायकांचा आहे.

पंजाबी लग्नगीतांचे ठळक प्रकार तीन. मुलीच्या घरी म्हणतात ती 'सुहाग'. त्यांत मुलगी बापाशी बोलते, घर सुटण्याचे दुःख सांगते. मुलाच्या घरी म्हणतात ती 'घोडी'. त्यांत नवरदेवाचे कौतुक असते. तिसरा प्रकार 'सिठणी'. वरात, म्हणजे पंजाबीत 'जंझ', मुलीच्या दारी आली, पंगतीला बसली, की मुलीकडच्या बायका गच्चीवरून किंवा अंगणाच्या कडेने वऱ्हाडाला उद्देशून शिव्यांची गाणी सुरू करीत. नवरदेव काळा, त्याचा बाप कंजूष, त्याची आई पळून गेलेली, व्याही खादाड, मिशा उसन्या, कपडे मागून आणलेले. नाव घेऊन, नात्याचा उल्लेख करून, आणि पुष्कळदा आपण इथे उच्चारणार नाही अशा भाषेत. वऱ्हाडाने हे सारे हसत ऐकायचे, असा दंडक होता. ज्याला सिठणी मिळाली नाही त्याची दखल घेतली गेली नाही, असाही अर्थ होई.

याहून गमतीची चाल म्हणजे 'जंझ बांधणे'. पाने वाढून झाली की मुलीकडची एखादी हुशार बाई पद्य म्हणून वरात 'बांधून' टाकी. बांधली म्हणजे जेवणाला हात लावायचा नाही. वऱ्हाडातल्या कोणीतरी पद्यातच उत्तर देऊन ती सोडवायची. उत्तर येईपर्यंत पान समोर आणि पोट रिकामे. त्यामुळे वरातीत एखादा शीघ्रकवी असणे हा केवळ हौसेचा भाग नव्हता. आपल्याकडे उखाण्यात नाव घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू न देणे हे याच जातीचे आहे, फक्त आपण अडवतो ते नवरानवरीला, आणि तेथे अडवले जाई सगळ्या वऱ्हाडाला.

नवरीच्या आजोळची माणसे, 'नानके', हा या नाट्याचा आणखी एक पक्ष. लग्नाच्या आदल्या रात्री मामी-मावश्या पेटत्या दिव्यांनी सजवलेली घागर डोक्यावर घेऊन गावातून 'जागो' काढीत, लोकांना झोपेतून उठवीत, आणि नाचता नाचता सूप आपटून मोडीत. शिवाय भांड होतेच. दोघांची जोडी मांडवात शिरे. एकाच्या हातात चामड्याची पट्टी. दुसऱ्याने गंभीरपणे यजमानाची स्तुती करायची आणि पहिल्याने तिच्यातली खोच उघड करीत पट्टीचा फटका हाणायचा. यजमानाने बिदागी देताना हात आखडला की स्तुतीचा रोख बदले. आपल्या सोंगाड्याला आणि बहुरूप्याला हे भाऊबंद ओळखू येतील.

आता प्रश्न असा, की ज्या लग्नात मुलीकडची बाजू हात जोडून उभी असते, त्याच लग्नात मुलीकडच्या बायकांना वराच्या बापाची अब्रू काढण्याची मुभा का? उत्तर या प्रश्नातच दडले आहे. पंजाबात मुलगी देणारा खालचा आणि घेणारा वरचा, ही समजूत फार पक्की होती. वरात दोन-तीन दिवस मुक्काम करी, तिचा सारा खर्च, मानपान, रुसवेफुगवे मुलीच्या बापाने सोसायचे. तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. जे बापाला बोलता येत नव्हते ते बायका गाण्यात बोलत. एका ठराविक वेळेपुरता उलटा अधिकार त्यांना मिळे, आणि पाठवणीबरोबर तो संपे. मुलगी डोलीत बसली की सिठणी थांबे. सिठणीने रीत बदलली नाही हे खरे. पण रीत अन्यायाची आहे हे चारचौघांत, ताल धरून, दरवेळी सांगितले जात होते, हेही खरे.

ही चाल एकट्या पंजाबची नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसात जनकाच्या घरी वऱ्हाड जेवायला बसते तेव्हा बायका गोड आवाजात गाऱ्या गातात, आणि दशरथ राजा त्या आनंदाने ऐकतो. आपल्याकडे विहिणींची पंगत, रुखवतावरचे चिमटे, नवरदेवाची कानपिळी यांत तोच धागा आहे. फरक धारेचा आहे. आपण वरमाईला चिमटा काढला, पंजाबणीने फटका मारला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या परंपरेवर पहिला मोठा घाव बसला, आणि तो घालणारे लोक वाईट नव्हते. अमृतसरला १८७३ साली सिंग सभा स्थापन झाली, लाहोरला १८७७ साली आर्यसमाज आला. दोन्हींचे आपसांत वाद होते, पण लग्नातली उधळपट्टी, नाचगाणी आणि बायकांची 'अश्लील' गाणी बंद झाली पाहिजेत यावर दोघांचे एकमत होते. शहरातल्या शिकलेल्या मध्यमवर्गाला आपल्या आया-बहिणी गच्चीवर उभ्या राहून शिव्या गातात याची लाज वाटू लागली होती. सिठणीऐवजी भजने आणि उपदेशपर गीते छापली गेली. याच काळात शीख विवाहविधीला स्वतंत्र कायदेशीर मान्यता मिळाली. नाभ्याचे टिक्का रिपुदमन सिंग यांनी १९०८ साली विधेयक मांडले आणि १९०९ साली आनंद विवाह कायदा झाला. गुरू रामदासांच्या चार लावां म्हणत गुरू ग्रंथसाहेबाला चार फेरे घालायचे, असा हा साधा, कमी खर्चाचा विधी. सुधारकांनी एका हाताने लग्नाला गांभीर्य दिले आणि दुसऱ्या हाताने बायकांच्या तोंडावर हात ठेवला. हुंड्याविरुद्ध त्यांनी लिहिले, हे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे. पण हुंडा टिकला आणि सिठणी आक्रसली, हा हिशेबही मांडला पाहिजे.

बायकांच्या तोंडून काढून घेतलेला विनोद मग रंगभूमीवर आला. लाहोरला नोरा रिचर्ड्स या आयरिश बाईंनी कॉलेजच्या मुलांना आपल्या भाषेत, आपल्या आयुष्यावर एकांकिका लिहायला प्रवृत्त केले. त्यांचे शिष्य ईश्वरचंद्र नंदा हे आधुनिक पंजाबी नाटकाचे जनक मानले जातात. त्यांच्या पहिल्या गाजलेल्या एकांकिकेचे नाव 'दुल्हन', आणि पुढच्या 'सुभद्रा' नाटकाचा विषय विधवाविवाह. म्हणजे आधुनिक पंजाबी नाटक जन्मले तेच लग्नघरात. मराठी माणसाला यात आपलेच प्रतिबिंब दिसेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ चे. ती आपली पहिली मोठी लग्न-कॉमेडी : ठरलेले लग्न मोडून मनातले लग्न लावून देण्याचा कृष्णाचा खटाटोप. आणि देवलांची 'शारदा' १८९९ साली पहिल्यांदा रंगमंचावर आली ती मुंबई-पुण्यात नव्हे, इंदूरला. बालाजरठ विवाहाची ती हसवत हसवत केलेली चिरफाड होती. पुढे पाचच वर्षांनी, १९०४ साली, सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला. बृहन्महाराष्ट्राने लग्नाच्या प्रश्नात नुसती प्रेक्षकाची जागा घेतली नव्हती, हे आपण अभिमानाने सांगू शकतो.

दुसरा घाव १९४७ चा. फाळणीने पंजाबी माणसाचे गाव गेले. सिठणीला गाव लागते. व्याह्याच्या काकाचे नाव, त्याची खोड, त्याने कोणाला बुडवले हे माहीत असल्याशिवाय चांगली शिवी रचता येत नाही. एकट्या दिल्लीत सुमारे पाच लाख निर्वासित आले. लाजपतनगर, पटेलनगर, राजेंद्रनगर अशा वसाहतींत लायलपूरचा शेजारी रावळपिंडीचा आणि समोरचा मुलतानचा. मुंबईत शीव-कोळीवाड्याला पंजाबी कॅम्प उभा राहिला. वरातीचा तीन दिवसांचा मुक्काम एका संध्याकाळीवर आला. अंगण गेले, गच्ची गेली, शामियाना आणि बँड आला. बँडच्या आवाजात सिठणी ऐकू येत नाही.

मग उरले काय? बायकांची खोली. लग्नाच्या आधी चार-सहा संध्याकाळी शेजारणी जमत, एकीच्या मांडीवर ढोलकी, दुसरीच्या हातात चमचा, तो ढोलकीच्या लाकडावर ठेका धरी. पुरुषांना मज्जाव. येथे सुहागही होत, टप्पेही होत, आणि दार लोटून घेतले की सिठणीही होत. यालाच पुढे 'लेडीज संगीत' म्हणू लागले. आपल्या पत्रिकेतले 'संगीत' ते हेच. निर्वासितांच्या दोन खोल्यांच्या घरात बायकांनी वाचवून ठेवलेल्या गावाचे हे नाव आहे. ज्या सुरिंदर कौर आणि प्रकाश कौर या बहिणींच्या आवाजात ही गाणी पुढे रेडिओ आणि तबकड्यांमधून घरोघर गेली, त्याही लाहोरच्याच.

चित्रपटानेही हा माल उचलला, कारण लाहोरची चित्रसृष्टीच मुंबईला आली होती. लाहोरचा स्टुडिओ मागे टाकून आलेल्या रूप के. शोरी यांनी १९४९ साली 'एक थी लडकी' हा विनोदी चित्रपट काढला. त्यातल्या 'लारा लप्पा' गाण्याने पंजाबी ठेका सगळ्या देशाच्या तोंडी बसवला. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्या लोकांनी दोन वर्षांत देशाला हसवले. त्या हसण्याचे मोल वेगळे आहे.

१९९० नंतरचा इतिहास आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९४ चा 'हम आपके हैं कौन' मुळात पंजाबी नाही. त्याची कथा 'कोहबर की शर्त' या हिंदी कादंबरीवरून, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून, १९८२ च्या 'नदिया के पार' मार्गे आली. पण नवरदेवाचे जोडे लपवण्याची चाल त्याने देशभर नेली, आणि ती नेणारी नायिका आपली माधुरी दीक्षित होती. १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' मात्र ठार पंजाबी. लंडनहून परतलेला बाप, मोहरीची शेते, मेंदीचे गाणे. हा चित्रपट मुंबई सेंट्रलच्या 'मराठा मंदिर'मध्ये एक हजाराहून अधिक आठवडे चालला. पंजाबी लग्नाला सर्वांत दीर्घ मुक्काम मराठा मंदिरात घडला, ही इतिहासाचीच सिठणी म्हणायची.

या पडद्यावरच्या लग्नात काय बदलले ते नीट पाहावे. 'दिलवाले'चा नायक मुलीला पळवून नेत नाही. तो बापाची संमती मागत लग्नघरातच राहतो. बंड आणि आज्ञापालन दोन्ही एकदम साधण्याची ही युक्ती प्रेक्षकांना फार आवडली. पण लग्नघरातल्या बायकांचा आवाज? गाणे आहे, नाच आहे, शिवी नाही. दोन्ही पक्ष एकाच ठेक्यावर नाचतात. सिठणी कोणाच्या तरी अंगावर फेकलेली असे. पडद्यावरचे संगीत कोणाच्याच अंगावर जात नाही, ते कॅमेऱ्याकडे तोंड करून केलेले असते. जुन्या विनोदाचा आवाज वाढला आणि नेम गेला.

हा नेम परत धरण्याचे श्रेय मीरा नायर यांच्या 'मॉन्सून वेडिंग'ला द्यावे लागेल. २००१ साली त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. दिल्लीच्या पंजाबी घरातले लग्न, मांडववाल्या दुबेची लगबग, पाऊस, उसनवारी, सगळे खळखळून हसवणारे. आणि त्याच गर्दीत घरातली एक मुलगी उभी राहून सांगते, की ज्यांच्या उपकाराखाली हे घर आहे त्या वडीलधाऱ्याने आपल्यावर लहानपणी अत्याचार केला. बाप लग्न बाजूला ठेवत नाही, त्या माणसाला मात्र घराबाहेर काढतो. लग्नघरात कोणी काय बोलायचे हा जुनाच प्रश्न येथे पणाला लागला आहे.

आता पुन्हा 'टू स्टेट्स'कडे येऊ. त्या कादंबरीचे मर्म मला शेवटच्या लग्नात सापडत नाही. ते मधल्या एका लग्नात आहे. क्रिशच्या नात्यातल्या मुलीचे लग्न ऐन रंगात आले असताना वरपक्ष अडून बसतो. देऊ केलेल्या गाडीपेक्षा मोठी गाडी हवी. मुलीकडची वडील माणसे गयावया करतात. अशा वेळी परकी, पंजाबी न येणारी अनन्या थेट नवरदेवालाच गाठते आणि त्याची योग्यता काढते. नवरदेव ओशाळतो, लग्न पार पडते, आणि मुलाकडच्या मंडळींचे तिच्याविषयीचे मत बदलू लागते. हे वाचताना वाटते, की शंभर वर्षांपूर्वी गच्चीवरून उतरवलेली सिठणी एका तमिळ मुलीच्या तोंडून परत आली. फरक एवढाच, की जुनी सिठणी ऐकून वरात हसत असे आणि हुंडा घेऊन जात असे. येथे तिचा परिणाम झाला.

कादंबरीत झाला. बाहेर? हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ७९८. २०११ साली त्या ८४६ झाल्या. ज्या काळात पंजाबी नवरी पडद्यावर देशभर नाचत होती त्याच काळाचे हे आकडे आहेत. आपण मान वर करून बोलावे असे नाही. महाराष्ट्रात हाच आकडा ९१३ वरून ८९४ वर उतरला. मुलीच्या बापाचा जो भार सिठणी हलका करू पाहत होती, तो भार गेला नाही. गाणे तेवढे गेले.

म्हणून काय, 'संगीत' बंद करायचे? मुळीच नाही. देवाणघेवाण आपल्याला नवी नाही. आपले नामदेव पंजाबात घुमानला राहिले, त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. दक्षिणेत गुरू गोविंदसिंगांचे नांदेड आहे. जे लोक एकमेकांच्या संतांना घरात घेतात त्यांनी एकमेकांची लग्नगाणी घेतली तर बिघडत नाही. आणि सरहद्दीवर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना तर शुद्धतेचा आग्रह शोभतच नाही. आपल्या पंगतीत श्रीखंडाशेजारी माळव्याचे दालबाफले आणि गुजरातचा खमण केव्हाच येऊन बसले आहेत.

माझे म्हणणे वेगळे आहे. आपण पंजाब्यांकडून घेतले ते नाचाचे संगीत, म्हणजे दोन वेळा गाळून आलेले. ढोलकी आणि चमचा घेऊन बसणाऱ्या बायका त्यात नाहीत. आणि ते घेताना आपले जे होते ते आपण अडगळीत टाकले. आपल्या घरांमधल्या ऐंशीच्या घरातल्या आज्यांना अजून विहिणीची गाणी येतात, रुखवतावरच्या ओळी येतात, मुद्दाम खोडसाळ रचलेले उखाणे येतात. त्यांत ग्वाल्हेरच्या घरातली हिंदी मिसळलेली असते, बेळगावच्या घरात कानडी शब्द सहज येतो, हैदराबादेत दखनी, गोव्यात कोंकणी. हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही संग्रहात सापडणार नाही, कारण ते तेथे रचलेच गेले नाही. ते फक्त आपल्याकडे आहे, आणि छापलेले नाही.

यंदाच्या लग्नसराईत प्रत्येक घराने एक गोष्ट करावी. संगीताच्या संध्याकाळी, नृत्याचा सराव झालेली पोरे दमली की, ध्वनिक्षेपक अर्ध्या तासासाठी आजीच्या हाती द्यावा. कोणीतरी ते मुद्रित करावे आणि कोणीतरी लिहून काढावे. तिने वरमाईला टोचून काही म्हटले, तर नव्या व्याह्यांनी ते दशरथासारखे हसून ऐकावे. आणि ज्या घरी देण्याघेण्याची यादी निघाली असेल, तेथे तिने जरा जास्तच टोचावे.